तुरुंगातून येणारा फोन इतका महाग का?

अमेरिकेत मोबाइलची साधी मासिक योजना घेतली की देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत हवे तितके बोलता येते. मिनिटे मोजण्याची सवयच तिथल्या लोकांची मोडली आहे. मात्र त्याच देशात, घरापासून अर्ध्या तासावर असलेल्या स्थानिक तुरुंगातून मुलाने आईला केलेल्या पंधरा मिनिटांच्या फोनला अगदी २०१८ मध्येही काही ठिकाणी वीस डॉलरहून अधिक पडत होते. तारा त्याच, इंटरनेट तेच आणि अंतर तर नगण्य. मग हे पैसे लागतात कशाला?

या कोड्याचे उत्तर थोडे यंत्रात आहे, बरेचसे करारपत्रात. आधी यंत्र पाहू.

एका बाजूनेच लागणारा फोन

अमेरिकेत सुमारे १९ लाख माणसे गजाआड आहेत. त्यांतली शिक्षा झालेली बहुतेक माणसे राज्य सरकारांच्या किंवा संघीय सरकारच्या मोठ्या तुरुंगांत असतात. याशिवाय काउंट्यांचे, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय घटकांचे, तीन हजारांहून अधिक स्थानिक तुरुंग आहेत. ते बहुधा शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाच्या, ताब्यात असतात आणि त्यांत मोठा भरणा कच्च्या कैद्यांचा असतो. खटला उभा राहायचा असतो, जामिनाची रक्कम जमलेली नसते आणि माणूस आत अडकून पडतो. फोनची गरज सर्वांत जास्त याच दिवसांत असते. वकील गाठायचा, जामिनाचे पैसे कोणाकडून तरी उभे करायचे, कामावर कळवायचे, मुलांना शाळेतून कोण आणणार ते ठरवायचे. नेमके याच स्थानिक तुरुंगांतले दर वर्षानुवर्षे सर्वांत चढे राहिले.

फोन असतो बॅरकच्या सामायिक खोलीत, भिंतीला घट्ट बसवलेला. त्याची दोरी पोलादी वेष्टनाची आणि मुद्दाम आखूड ठेवलेली असते, म्हणजे तिचा गळफास होऊ नये किंवा ती हत्यार म्हणून वापरता येऊ नये. बोलणाऱ्याला भिंतीला चिकटूनच उभे राहावे लागते. मागे रांग असते आणि शेजारी टीव्ही चालू असतो. हा फोन कधीच वाजत नाही, कारण त्यावर बाहेरून कोणाला फोन करताच येत नाही. आतून लागला तर लागला. तो घरच्यांकडून चुकला तर उलट फोन करण्याची सोय नाही, पुन्हा नंबर लागेपर्यंत वाट पाहायची. त्यातच हा फोन अनोळखी क्रमांकावरून आल्यासारखा दिसत असल्याने मोबाइलमधली नको असलेले कॉल अडवणारी सोय पुष्कळदा तो परस्पर बाजूला टाकते. घरचे चिडतात आणि आतल्याला वाटते की मुद्दामच उचलला नाही.

पंधरा मिनिटांत काय काय घडते

रिसीव्हर उचलल्यावर कैद्याला आधी स्वतःचा गुप्त क्रमांक दाबावा लागतो. पुष्कळ ठिकाणी स्वतःचे नावही उच्चारावे लागते. तो आवाज आधी नोंदवून ठेवलेल्या आवाजाशी जुळवून पाहिला जातो, म्हणजे एकाच्या क्रमांकावर दुसऱ्याने बोलू नये. मग तो घरचा नंबर दाबतो. राज्य आणि संघीय तुरुंगांत बहुधा मंजूर नंबरांचीच यादी असते, तिच्याबाहेर फोन लागत नाही. स्थानिक तुरुंगांत उलटी रीत आढळते. तिथे बहुतेक नंबर खुले असतात. साक्षीदार, तक्रारदार, न्यायाधीश, तुरुंगातले कर्मचारी यांचे तेवढे बंद ठेवतात.

यंत्रणा पुढे खात्यात पैसे आहेत का ते बघते. असतील तर कॉल इंटरनेटवरून कंपनीच्या मध्यवर्ती सर्व्हरकडे जातो आणि तिथून नेहमीच्या टेलिफोन जाळ्यात शिरतो. तो सर्व्हर तुरुंगापासून हजार मैल दूर, दुसऱ्याच राज्यात असू शकतो. एकच केंद्र शेकडो तुरुंगांना पुरत असल्यामुळे प्रत्येक तुरुंगात वेगळे एक्स्चेंज बसवण्याचा खर्च केव्हाच संपला आहे. बिलाबद्दलची ही पहिली महत्त्वाची गोष्ट: आवाज इकडून तिकडे नेणे आज अगदी स्वस्त आहे.

घरी फोन वाजतो तेव्हा प्रथम ऐकू येतो तो यंत्राचा आवाज. अमुक तुरुंगातल्या कैद्याचा हा फोन आहे, संभाषण ऐकले आणि रेकॉर्ड केले जाऊ शकते, स्वीकारायचा असेल तर अमुक बटण दाबा, यापुढे असे फोन नको असतील तर तमुक. बटण दाबले की मिनिटे सुरू होतात. बहुतेक ठिकाणी दहा ते वीस मिनिटांची मर्यादा असते. वेळ संपत आली की मध्येच सूचना येते आणि मग वाक्य अर्धे राहिले तरी फोन तुटतो.

पूर्वी हे सगळे ‘कलेक्ट कॉल’ पद्धतीने चाले, म्हणजे फोन उचलणाऱ्याच्या बिलात रक्कम लागे. स्वीकारायचे की नाही हे विचारण्यापूर्वी यंत्र फोन करणाऱ्याचे नाव त्याच्याच आवाजात ऐकवे. त्या दोन सेकंदांत नावाऐवजी घाईघाईने निरोपच सांगून टाकायचा आणि पलीकडच्याने कॉल नाकारायचा, ही फुकटातली युक्ती अमेरिकेत अनेकांना माहीत होती. पुढे लोकांनी घरचे लँडलाइन काढून टाकले. मोबाइल कंपन्या कलेक्ट कॉलची रक्कम आपल्या बिलात घ्यायला तयार नव्हत्या. त्यामुळे आधी पैसे भरून ठेवायच्या खात्यांची पद्धत रुळली.

कंपनी एक निवडतो, पैसे दुसरा भरतो

१९८४ मध्ये एटी अँड टी या महाकाय कंपनीचे विभाजन झाले आणि लांब पल्ल्याच्या कॉलसाठी कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करू लागल्या. सामान्य ग्राहकाचे दर त्यामुळे झपाट्याने उतरले. तुरुंगात मात्र त्याच स्पर्धेने दर चढवले. हे कसे घडले ते एका ओळखीच्या दृश्यावरून ध्यानात येईल.

पुण्या-मुंबईहून रात्री सुटणारी खासगी ट्रॅव्हल्सची गाडी वाटेत एका ठरावीक ढाब्यावरच थांबते. ड्रायव्हर-क्लीनरचे जेवण तिथे फुकट असते, वर गाडीमागे काही रक्कमही मिळते. आता हमरस्त्यावर दहा ढाबे असले तरी त्यांची चढाओढ प्रवाशांसाठी नसते, ड्रायव्हरसाठी असते. जो ढाबा ड्रायव्हरला जास्त देईल त्याच्याकडे गाडी वळणार आणि ते जास्तीचे पैसे चहा-भजीच्या किमतीतून निघणार. अंधारात, अनोळखी रस्त्यावर प्रवासी दुसरीकडे जाणार कुठे?

तुरुंगाच्या फोनमध्ये ड्रायव्हरच्या जागी शेरीफ किंवा राज्याचे तुरुंग खाते आहे. कंपनी निवडण्याचा अधिकार त्यांचा, बिल मात्र कैद्याच्या आईचे, बायकोचे, बहिणीचे. निविदा निघाली की कंपन्या ‘आम्ही कमी दरात सेवा देऊ’ असे म्हणण्याऐवजी ‘जमा रकमेतला इतका वाटा तुम्हाला देऊ’ असे म्हणत. या वाट्याला कमिशन म्हणतात. काही करारांत तो निम्म्याहून अधिक असे. थोड्या ठिकाणी तर नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचला होता. जास्त वाटा द्यायचा तर जास्त दर लावणे भाग होते. मक्ता मिळाला की त्या इमारतीत दुसरी कंपनी नाही. कालांतराने सेक्युरस आणि ग्लोबल टेल लिंक (२०२२ पासून तिचे नाव व्हायापाथ) या दोन कंपन्यांकडे देशातला बहुतेक धंदा एकवटला.

शेरीफांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. कमिशनचे पैसे कैद्यांच्या कल्याण निधीत जातात, त्यातून पुस्तके, टीव्ही, खेळाचे साहित्य येते, शिवाय फोन ऐकण्यासाठी माणसे लागतात, असे ते सांगतात. पुष्कळ ठिकाणी ते खरेही आहे. पण तुरुंग चालवण्याचा खर्च करदात्यांनी उचलायचा की कैद्यांच्या बायका-मुलांनी, या मूळ प्रश्नाला त्याने बगलच दिली जाते.

निवृत्त परिचारिकेचा अर्ज

मार्था राइट या वॉशिंग्टन शहरात राहणाऱ्या निवृत्त परिचारिका होत्या. त्यांना दृष्टी नव्हती, त्यामुळे पत्रव्यवहाराचा उपयोग नव्हता. नातू तुरुंगात होता. १९९७ च्या एका कायद्यानुसार वॉशिंग्टनमधल्या कैद्यांचा शेजारच्या व्हर्जिनियातला लॉर्टनचा तुरुंग बंद करायचे ठरले आणि तिथली माणसे दूरदूरच्या राज्यांतल्या तुरुंगांत पाठवली गेली. नातवाचा आवाज ऐकायचा तर फोन हा एकच मार्ग उरला होता आणि त्याचे बिल निवृत्तिवेतनाला झेपणारे नव्हते. २००० मध्ये त्यांनी इतर काही कुटुंबांसह न्यायालयात दावा लावला. न्यायालयाने २००१ मध्ये हा विषय फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे, म्हणजे तिथल्या दूरसंचार आयोगाकडे पाठवला. २००३ मध्ये तिथे अर्ज गेला आणि दहा वर्षे पडून राहिला.

२०१३ मध्ये मिन्यन क्लायबर्न या आयोगाच्या कार्यवाहक अध्यक्ष असताना पहिली दरमर्यादा आली. खात्यातून पैसे कापले जाणाऱ्या कॉलला मिनिटाला २१ सेंट, कलेक्ट कॉलला २५ सेंट. म्हणजे ज्या पंधरा मिनिटांना काही ठिकाणी १७ डॉलर पडत, ती सव्वातीन डॉलरच्या आत आली. मार्था राइट २०१५ मध्ये वारल्या.

या मर्यादेत एक मोठे छिद्र होते. आयोगाचा निर्विवाद अधिकार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या कॉलपुरताच चालत होता. राज्यातल्या राज्यात होणाऱ्या कॉलचे दर त्या त्या राज्याने पाहायचे. बहुसंख्य कैद्यांची कुटुंबे त्याच राज्यात राहत असल्यामुळे विचित्र प्रकार घडला. दोन हजार मैलांवर राहणाऱ्या भावाशी बोलणे स्वस्त, आणि शेजारच्या गावातल्या आईशी बोलणे महाग. २०१५ मध्ये आयोगाने राज्यांतर्गत कॉलनाही मर्यादा घातली, पण कंपन्या न्यायालयात गेल्या. २०१७ च्या जानेवारीत सरकार बदलल्यावर आयोगाने राज्यांतर्गत दरांचा बचावच सोडून दिला आणि जूनमध्ये अपील न्यायालयाने ती मर्यादा रद्द केली. शेवटी हे छिद्र संसदेलाच बुजवावे लागले. त्यासाठी केलेल्या कायद्याला मार्था राइट-रीड यांचे नाव आहे.

चौकट: मिनिटाचा दर कसा हलला

२०१३: राज्याबाहेरच्या कॉलला २१ सेंट (कलेक्ट कॉलला २५ सेंट).
२०१७: राज्यांतर्गत कॉलची मर्यादा अपील न्यायालयात रद्द.
२०२१: राज्याबाहेरच्या कॉलसाठी मोठ्या तुरुंगांत १२ सेंट, हजार किंवा अधिक कैद्यांच्या स्थानिक तुरुंगांत १४ सेंट, लहान तुरुंगांत २१ सेंट कायम.
जानेवारी २०२३: राज्यांतर्गत कॉल आणि व्हिडिओ कॉलवरही आयोगाला अधिकार देणारा कायदा लागू.
जुलै २०२४: तुरुंगाच्या आकारानुसार ६ ते १२ सेंट, कमिशन आणि जादा शुल्के बंद करण्याचा आदेश.
२०२५: या आदेशाची अंमलबजावणी जूनमध्ये पुढे ढकलली, पुढे ऑक्टोबरमध्ये मर्यादा पुन्हा वाढवल्या.

दराबाहेरचे पैसे

मिनिटाचा दर पाहून कुटुंबाचा खर्च कळत नाही. खात्यात पैसे भरण्यालाच पैसे पडत. २०१५ च्या नियमांनी हे शुल्क फोनवरच्या यंत्राद्वारे किंवा संकेतस्थळावरून भरणाऱ्याला ३ डॉलर आणि प्रत्यक्ष माणसाशी बोलून भरणाऱ्याला ५.९५ डॉलर एवढ्यापुरते मर्यादित केले. त्याआधी ते याहून जास्त असे. पन्नास डॉलर एकदम भरणाऱ्याचे तीनच गेले. हातावर पोट असलेली बाई दहा-दहा करून पाच वेळा भरते, तिचे पंधरा जातात. म्हणजे पन्नासातले पस्तीसच बोलण्याला उरतात. दर उतरवण्याचा दबाव आला तेव्हा कमाईचा भार या शुल्कांवर सरकला, म्हणूनच २०२४ च्या आदेशाने दर आणि शुल्के यांना एकत्र हात घातला.

खात्यात उरलेल्या रकमेचेही असेच. कैदी सुटला की खाते निपचित पडते. काही महिने वापर झाला नाही तर शिल्लक कंपनीच्या घशात जाई. आयोगाने २०२२ मध्ये त्याला आळा घालून १८० दिवसांच्या आत अशी रक्कम हडपायला मनाई केली आणि ती परत करण्याचे प्रयत्न करणे बंधनकारक केले.

तिसरा कान

तुरुंगाचा फोन ऐकला जातो, आणि तो ऐकला जातो हे लपवलेलेही नसते. यंत्राची सुरुवातीची सूचना ऐकूनही बोलत राहणे म्हणजे रेकॉर्डिंगला संमती, असे अमेरिकी न्यायालये साधारणपणे मानतात, आणि अशी रेकॉर्डिंगे खटल्यात पुरावा म्हणून सर्रास वाजवली जातात. त्यामुळे तिथले वकील अशिलाला पहिली ताकीद देतात ती हीच, की फोनवर खटल्याबद्दल अवाक्षर काढायचे नाही. आईने मायेपोटी विचारलेल्या ‘नक्की काय झालं होतं रे?’ या प्रश्नाचे उत्तर सरकारी वकिलाच्या टेबलावर पोहोचू शकते.

वकिलाशी होणारे बोलणे कायद्याने गुप्त असते, मात्र ही गुप्तता आपोआप लागू होत नाही. वकिलाचा नंबर यंत्रणेत तसा नोंदवून घ्यावा लागतो किंवा वेगळ्या, रेकॉर्ड न होणाऱ्या फोनची परवानगी काढावी लागते. नोंद राहून गेली की तो कॉल इतरांसारखाच साठवला जातो. २०१५ मध्ये ‘द इंटरसेप्ट’ या वृत्त-संकेतस्थळाने सेक्युरसकडून फुटलेल्या सात कोटींहून अधिक कॉलच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांत वकिलांच्या नंबरांवर केलेले किमान चौदा हजार कॉल सापडले.

यंत्रणा आणखी एक गोष्ट हुडकत असते, ती म्हणजे फोन तिसऱ्याच माणसाला जोडून दिला जातो आहे का. बंदी असलेल्या साक्षीदाराला धमकावण्याची ती वाट असू शकते, म्हणून हा पहारा गैर नाही. संगणक ओळीवरची बारीक टिकटिक, क्षणभराची शांतता, पार्श्वभूमीच्या आवाजातला अचानक बदल ऐकतो आणि संशय आला की फोन तोडतो. पण पलीकडे दुसरा कॉल येत असल्याचा बीप वाजला, बाळ रडले म्हणून फोन क्षणभर खाली ठेवला, तरी हीच लक्षणे दिसू शकतात. त्यामुळे घरच्यांनी कॉल चालू असताना दुसरा कॉल न घेणे, फोन दुसऱ्या नंबरावर न वळवणे आणि बोलता बोलता लांब गप्प न राहणे इष्ट. एवढे करूनही फोन तुटला, तर पुन्हा रांगेत उभे राहण्याखेरीज इलाज नाही.

मीटरच काढून टाकले तर

न्यूयॉर्क शहराने २०१९ पासून आपल्या तुरुंगांतले फोन मोफत केले. देशातल्या मोठ्या शहरांत ते पहिले. सॅन फ्रान्सिस्कोने २०२० मध्ये तसेच केले आणि करारही वेगळ्या धर्तीवर केला: कंपनीला मिनिटामागे पैसे न देता उपकरणामागे ठरावीक रक्कम. कोण किती बोलले याच्याशी कमाईचा संबंधच तोडला. राज्यांमध्ये पहिला मान कनेक्टिकटचा. तिथला कायदा २०२१ चा आणि अंमल २०२२ पासून. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया आणि मिनेसोटा या राज्यांनी आपले तुरुंग मोफत केले, आणि मॅसॅच्युसेट्सने त्याच वर्षी डिसेंबरपासून स्थानिक तुरुंगही त्यात धरले. पैसा आता सरकारी तिजोरीतून जातो. गंमत अशी की स्वतः बिल भरायची वेळ आल्यावर सरकारे दरासाठी घासाघीस करू लागली.

या निर्णयांमागे नुसती दया नाही. घरच्यांशी नाते टिकले तर सुटल्यावर राहायला जागा आणि कामाची ओळख मिळण्याची शक्यता वाढते. मिनेसोटाच्या तुरुंग खात्याने २००३ ते २००७ या काळात सुटलेल्या १६,४२० कैद्यांची माहिती तपासून २०११ मध्ये काढलेला निष्कर्ष नेहमी सांगितला जातो: ज्यांना एकदा तरी भेटायला कोणी आले, त्यांना पुन्हा शिक्षा होण्याचा धोका १३ टक्क्यांनी कमी होता. हा अभ्यास प्रत्यक्ष भेटींचा आहे, फोनचा नव्हे. शिवाय ज्याचे घर मुळातच घट्ट आहे त्यालाच भेटायला माणसे येतात, हेही खरे. तेवढे ध्यानात ठेवूनच तो आकडा घ्यावा.

फोनच्या शेजारी आता व्हिडिओ कॉल आणि टॅब्लेटवरचे संदेश आले आहेत. दूरच्या कुटुंबाला त्यांचा फायदा होतो, पण काही काउंट्यांनी व्हिडिओचा करार करताना समोरासमोरच्या भेटीच बंद केल्या. तुरुंगाच्या दारापर्यंत गाडी चालवत गेलेल्या बायकोलाही आतल्या खोलीतल्या पडद्यावरच नवऱ्याचे तोंड पाहावे लागते.

भारतातून संपर्क साधायचा असेल तर

अमेरिकेत अटक झालेल्या भारतीय नागरिकाचे घर पुण्यात किंवा नाशिकमध्ये असेल तर गणित आणखी बदलते. आत फोन लावता येत नाही, हे इथेही लागू. परदेशी नंबर सगळ्याच तुरुंगांत खुले नसतात, आणि असले तरी आधी भरलेल्या खात्यातूनच. २०२१ पासून परदेशी कॉलच्या दरालाही मर्यादा आहे: देशांतर्गत मर्यादा अधिक त्या देशापर्यंत कॉल पोहोचवण्यासाठी कंपनीला पुढे मोजावी लागणारी रक्कम. अमेरिकेच्या मुख्य भूमीशी वेळेतला फरक ऋतूनुसार साडेनऊ ते साडेतेरा तासांचा. त्यात कैद्याला फोन कधी मिळेल हे तुरुंगाच्या वेळापत्रकावर अवलंबून, म्हणून इकडे अपरात्री फोन वाजण्याची तयारी ठेवावी लागते.

सुरुवातीचा निरोप मिळवण्यासाठी मात्र फोनखेरीज एक हक्काचा मार्ग आहे. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानुसार अटकेतल्या परदेशी नागरिकाला आपल्या देशाच्या वकिलातीला कळवण्याची मागणी करता येते आणि हा हक्क त्याला विनाविलंब सांगावा लागतो. पाकिस्तानने अटक केलेले भारतीय नागरिक कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानला दोषी धरले ते याच कलमाच्या भंगाबद्दल. वकिलातीचे अधिकारी तुरुंगात जाऊन भेटू शकतात, पत्र पोहोचवू शकतात आणि वकील मिळवण्याची व्यवस्था करू शकतात. घरच्यांनी वकिलातीशी संपर्क साधताना कैद्याचे पासपोर्टवर आहे तसे नाव, जन्मतारीख, काउंटीचे नाव आणि मिळाला असेल तर तुरुंगाने दिलेला नोंदणी क्रमांक हाताशी ठेवावा. बहुतेक काउंट्यांच्या संकेतस्थळावर नाव घालून हा क्रमांक शोधता येतो आणि फोनच्या खात्यात पैसे भरतानाही पुष्कळदा तोच लागतो.